प्याद्याचं पहिलं घर

परवा स्टाफरूममध्ये पुन्हा तेच ठरलं. नववी-दहावीच्या मुलांची मनं म्हणे फार अस्वस्थ झाली आहेत, तेव्हा दर शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांच्यासाठी एक वर्ग घ्यायचा. थोडं ध्यान, थोडं बुद्धिबळ, थोडं संगीत. नव्याने लागलेल्या मॅडमनी फळ्यावर तीन गोल काढले, ते बाणांनी जोडले आणि विचारलं, "बुद्धिबळ कोणाला येतं?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यायला म्हणून उठलो आणि घंटा होईपर्यंत टाकीपाशीच उभा राहिलो.

वैताग आला होता. त्या मॅडमचा नाही, त्या बिचाऱ्या मनापासून बोलत होत्या. वैताग असा की हे तीन गोल मी आधी पाहिलेले आहेत. नव्वदीच्या मधल्या वर्षांत हीच तीन औषधं, हेच शनिवार. तेव्हा त्या वर्गातल्या एका मुलीला मी भर सभेत खोटं पाडलं, आणि ती खरं बोलत होती. हे मी आजवर कुठे बोललो नाही. बायकोला अर्धं माहीत आहे, तेही माझ्या सोयीचं अर्धं.

मी मूळचा पारोळ्याचा. शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत नवीन लागलो होतो आणि शाळेच्या मागेच खोली घेऊन राहत होतो. संस्थेने नेमणूक दिली होती, पण शिक्षण खात्याचं ॲप्रूव्हल यायचं होतं. ज्यांनी ॲप्रूव्हलची वाट पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. तेवढ्या काळात माणूस हेडसरांच्या विनोदाला आधी हसतो, मग विनोद ऐकतो. त्यांच्या स्कूटरला किक मारून देतो. आणि काहीही विचारलं तरी हात वर करतो.

त्या वर्षी दहावीत नापास झालेला एक मुलगा घरातून निघून गेला आणि बऱ्याच दिवसांनी सुरतेला सापडला. त्याच सुमाराला संस्थेचे अध्यक्ष कुठल्याशा शिबिराला जाऊन आले. झालं. 'मनोविकास वर्ग' सुरू करायचा हुकूम निघाला. हेडसरांनी मीटिंगमध्ये कामं वाटली. संगीत हिंदीच्या बाईंकडे, कारण त्यांच्या घरी पेटी होती. ध्यान पी.टी.च्या सरांकडे, कारण त्यांचा आवाज मोठा होता. ध्यानाला मोठा आवाज कशाला लागतो, हे मी विचारलं नाही. "बुद्धिबळ कोणाला येतं?" म्हटल्यावर मात्र माझा हात सगळ्यांत आधी वर गेला.

हॉल एकच, वर पत्रे, आणि ऑक्टोबरचं खानदेशी ऊन. मधे दोन कपाटं आडवी लावून तीन भाग केले होते. एका भागात पी.टी.चे सर शिट्टी वाजवून ओरडायचे, "ध्याऽऽन… सुरू कर!" मग हातात छडी घेऊन रांगांमधून फिरायचे. ज्याचा डोळा किलकिला दिसेल त्याला उठाबशा. एकदा एक पोरगा बसल्या बसल्या घोरायला लागला, तर सर कौतुकाने म्हणाले, "बघा, हा खरा ध्यानाला लागला." दुसऱ्या भागात बाईंच्या पेटीची एक पट्टी दाबली की वर यायचीच नाही, ती आपली भोंऽऽ करत राहायची. त्या भोंग्यावर मुलं अध्यक्षांच्या स्वागताचं गाणं बसवत होती. वर्ष सरलं तरी दुसरं गाणं त्यांना मिळालं नाही. आणि मधल्या भागात आम्ही, बुद्धिबळवाले. एकीकडून शिट्टी, दुसरीकडून भोंगा. मनःशांती म्हणतात ती हीच.

मुलं कशी निवडली, तेही सांगतो. 'ज्यांना गरज आहे अशी' मुलं पाठवा, असं वर्गशिक्षकांना सांगितलं होतं. वर्गशिक्षकांनी त्याचा अर्थ बरोबर लावला. ज्याचा ताप आहे त्याला शनिवारी दुसऱ्याच्या गळ्यात मारा. त्यामुळे विडी ओढणारे, चिठ्ठ्या लिहिणारे, बाकावर झोपणारे असे सगळे आमच्याकडे जमा झाले. ती मुलगी त्यांतलीच, नववीत होती. तिला तिचे वर्गशिक्षक स्वतः सोडायला आले.

"घ्या सर, हिचा मनोविकास करा. हिच्या तोंडून दिवसभरात एक वाक्य खरं निघालं तर मी मिशी उतरवीन."

"मग उतरवा सर," ती म्हणाली, "आज शनिवार शे."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. हसू मलाच आलं, पण मी ते खोकल्यात घातलं. ॲप्रूव्हल.

ती खोटं बोलायची, हे खरंच होतं. रोज उशिरा यायची आणि रोज नवं कारण सांगायची. तिचं सगळ्यांत लाडकं कारण म्हणजे वानर. वानराने डबा पळवला, वानराने वही नेली, वानर वाटेत आडवं बसलं. एकदा मी विचारलं, "बाई गं, खरं काय आहे ते का सांगत नाहीस?" तिने पटावरची नजर न काढता सांगितलं. आई नरडाण्याच्या कंपनीत पहाटेच्या पाळीला जाते. घरी आबा, म्हणजे आईचे वडील, आणि त्यांना नीट दिसत नाही. त्यांच्या भाकरी टाकून, त्यांना ओट्यावर बसवून निघेपर्यंत प्रार्थना होऊन जाते.

"मग हेच सांगायचं ना वर्गात."

"एकदा सांगितलं सर. मग म्हणतात, आईला बोलावून आण. आईची पाळी बुडते. वानराला कोणी बोलावून आणायला सांगत नाही."

मी माझं प्यादं पुढे सरकवलं.

बुद्धिबळ मी पारोळ्याला किल्ल्याजवळच्या एका पारावर शिकलो होतो, वडिलांच्या शेजारी बसून, मोठी माणसं खेळायची ते बघत. प्यादं नेहमी एकेकच घर पुढे सरकतं. राजा शह बसण्याआधी एकदा घोड्यासारखी उडी मारू शकतो. प्याद्याने मात केली तर हरणाऱ्याने आठवडाभर तोंड लपवावं. जे आलं ते मी शिकवलं. शाळेच्या पटातला एक उंट हरवला होता, त्याच्या जागी खडूचा तुकडा उभा करायचो. ती झपाट्याने शिकली, कारण घरी आबांच्या कापडी पटावर तिने हेच पाहिलेलं होतं. "आबा बी अस्संच खेळतात सर," ती पहिल्याच दिवशी म्हणाली, आणि मला बरं वाटलं.

एक गोष्ट मी पाहिली. बाकीची पोरं मोहरा ठेवून परत उचलायची, "नाही नाही, हे नाही" करायची. ती एकदा ठेवलेला मोहरा कधी उचलायची नाही, वजीर मरत असला तरी. मी तिला मोठेपणाने म्हणालो होतो, "पटावर खोटं चालत नाही. सगळं दोघांच्या डोळ्यांसमोर असतं." शब्द अजून आठवतात. विसरता आले असते तर बरं झालं असतं.

हळूहळू वर्गातही तिने वानर सोडलं. "भाकरी टाकत होते सर," एवढंच सांगायला लागली. वर्गशिक्षकांचा विश्वास नव्हता, त्यांनी हेडसरांकडे तक्रार नेली होती, हेडसर तिच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला द्यायला निघाले होते. मी मधे पडलो. म्हणालो, "सर, ही पटावर कधी लबाडी करत नाही. मी सांगतो, ऐका." हेडसर म्हणाले, "ठीक आहे. तुमच्या शब्दावर ठेवतो. पण आणखी एकदा खोटं निघालं तर दाखला." माझ्या शब्दावर. असा माझा शब्द!

मग दिवाळीत धुळ्याला सासुरवाडीला गेलो. मेव्हण्याशी डाव मांडला. त्याने पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं पुढे ठेवलं. मी म्हटलं, उचल. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही कोणत्या पेशवाईतून आलात? पहिल्या चालीला दोन घरं चालतात. सगळ्या जगात चालतात."

मी भांडलो. त्याने मला शेजारच्या घरी नेलं. तिथले गृहस्थ स्पर्धा खेळणारे. ते म्हणाले, तुम्ही खेळता तो जुना देशी खेळ, स्पर्धेत हे नियम नाहीत, राजाची उडीबिडी तर मुळीच नाही. मेव्हणा दारातून ओरडला, "अक्का, हे शाळेत शिकवतात गं!" आत बायको आणि सासूबाई हसत होत्या.

म्हणजे दिवाळीतच मला कळलं होतं. पुढचं सगळं मी हे माहीत असताना केलं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मुलांना सांगायला वेळच मिळाला नाही. पहिल्या शनिवारी हॉलमध्ये स्वागतगीताची रंगीत तालीम होती. पुढच्या शनिवारी स्काउटची मुलं होती. मग कोणाचं तरी लग्न होतं आणि सतरंज्या तिकडे गेल्या होत्या. हे सगळं घडलं, खोटं नाही. पण मधे मोकळे शनिवारही होते. मी गेलो, पट मांडला, आणि एक घर चाललो. पोरांना 'माझं चुकलं' म्हटलं असतं तर तासाभरात ते हेडसरांच्या कानावर गेलं असतं. ज्याला प्यादं चालवता येत नाही त्याचं ॲप्रूव्हल!

जानेवारीत संस्थेच्या धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळांचा मेळावा जळगावला ठरला. ध्यानाचं प्रात्यक्षिक, समूहगीत आणि बुद्धिबळ. बुद्धिबळाला प्रत्येक शाळेने एकच खेळाडू आणायचा. आमच्याकडून ती.

सुरत-भुसावळ पॅसेंजरमध्ये मी तिला सांगणार होतो. नक्की सांगणार होतो. पण हेडसर समोरच बसले, शेंगा सोलत. टरफलं माझ्या पायावर.

"काय गं, अजून खोटं बोलतेस का?" त्यांनी तिला विचारलं.

"नाही सर."

"बघ हं. पुन्हा तक्रार आली तर दाखला आईच्या हातात. मग जा आईबरोबर कंपनीत."

ती माझ्याकडे बघून किंचित हसली. म्हणजे, तुम्ही आहात ना. मी खिडकीबाहेर केळीच्या बागा बघायला लागलो. जणू केळी कधी पाहिलीच नव्हती.

जळगावच्या त्या शाळेत खेळाडूंच्या बाकांभोवती शिक्षक आणि पाहुणे उभे होते. तिच्यासमोर इस्त्रीच्या शर्टातला एक मुलगा होता. घंटा झाली. त्याने राजापुढचं प्यादं उचललं आणि दोन घरं पुढे ठेवलं.

तिने हात वर केला. "सर! हा लबाडी करतो!"

सगळा हॉल वळला. पंच म्हातारे गृहस्थ होते, ते सावकाश आले. "काय झालं बेटा?"

"त्याने प्यादं दोन घरं नेलं."

"पहिल्या चालीला चालतं बेटा."

"नाही चालत. एकच घर."

कोणी तरी हसलं. मग बरेच जण हसले. पंचांनी विचारलं, "तुला हे कोणी शिकवलं?"

"आमच्या सरांनी," ती म्हणाली आणि बोट केलं. अगदी न घाबरता. खरं सांगितलं की माणूस ऐकतो, हे तिला मीच पटवलं होतं.

हेडसर माझ्या खांद्याला खांदा लावून उभे होते. "काय हो सर?"

आणि मी हसलो. हसत हसत म्हणालो, "छे, मी असं कसं शिकवीन? दोन घरंच सांगितली होती. हिचं लक्ष नसतं."

तिचं बोट थोडा वेळ तसंच राहिलं. मग तिने ते खाली घेतलं आणि आपलं प्यादं उचलून एक घर पुढे ठेवलं. पूर्ण डाव ती तशीच खेळली. दोन घरं जायची मुभा आहे हे आता तिला माहीत होतं, तरी एकही प्यादं तिने दोन घरं नेलं नाही. हरली. उठून मोहरे नीट डबीत भरले आणि डबी माझ्या हातात न देता बाकावर ठेवली.

परतीच्या गाडीत हेडसरांना चेव आला होता. "बघितलंत? ज्याने हिची बाजू घेतली त्याचंच नाव घेतलं पोरीने! सोमवारी आईला बोलवा. संपला विषय."

मी म्हणालो, "हो सर."

सोमवारी आई आली नाही, तिची पाळी होती. आबा आले. डोक्यावर टोपी, एका हाताने नातीचा खांदा धरलेला, दुसऱ्या काखेत गुंडाळलेला कापडी पट. हेडसरांच्या टेबलावर हात फिरवून त्यांनी पेपरवेट बाजूला केलं आणि पट पसरला. हेडसर बघतच राहिले.

"हेडसर, मी अडाणी मानूस," आबा म्हणाले. "पन हाऊ खेळ मी लहानपनपासून खेळस. प्यादं एकच घर जास. पोर हाईच शिकनी. सर बी हाईच शिकाडतस. पोर खरं बोलनी."

"आबा, स्पर्धेत तसं नसतं," हेडसर वैतागून म्हणाले.

"नसू द्या. पोर हारनी, ते हारनी. पन ती खोटं नही बोलनी. येवढंच सांगाले ऊनू." मग आल्या आल्या मी 'या आबा' म्हणालो होतो, तो आवाज कुठून आला ते आठवून त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "काय सर? तुम्ही सांगा ना."

जळगावला मी घाबरून बोललो, असं म्हणता येईल. क्षणभराची गोष्ट होती. इथे तसं काही नव्हतं. माझ्या हातात चहाचा कप होता. विचार करायला भरपूर वेळ होता. मी एक घोट घेतला आणि म्हणालो, "आबा, जुन्या खेळात तसं असतं खरं. पण शाळेत आम्ही नवीन नियम शिकवतो."

 आबा पटावरच्या सुरकुत्या हाताने सारख्या करत राहिले. त्यांना आणखी बोलायचं होतं, ते दिसत होतं. हेडसरांचा हात दाखल्यांच्या खणाकडे गेला होता, तेही दिसत होतं. तेवढ्यात ती पुढे झाली आणि पट गुंडाळायला लागली.

"आबा, चाला घर. मन्हंच चुकनं. सरनी दोन घरंच सांगेल व्हतं."

हेडसरांनी टेबलावर थाप मारली. "हं! कबूल केलं! बस, एवढंच पाहिजे होतं मला. चूक कबूल केली की विषय संपला. दाखला राहू द्या." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, वर्गाचा उपयोग होतोय बरं का."

म्हणजे ती खरं बोलली तेव्हा तिची शाळा सुटायची वेळ आली, आणि खोटं बोलली तेव्हा ती सुधारली. खोटंही कुणासाठी? मी कप बशीत ठेवला. तो जरा जोरात वाजला असेल, बाकी काही नाही.

फेब्रुवारीत वर्गाचा समारोप झाला. अध्यक्ष आले, एकदाचं ते स्वागतगीत भोंग्यासकट झालं, पी.टी.च्या सरांनी शिट्टीवर ध्यान करून दाखवलं. हेडसर भाषणात म्हणाले की आमच्या शाळेतली एक मुलगी सतत खोटं बोलायची, पण ध्यान, बुद्धिबळ आणि संगीत या त्रिवेणीने तिला स्वतःची चूक कबूल करायला शिकवलं. तिला स्टेजवर बोलावलं. अध्यक्षांच्या हस्ते स्टीलचा डबा दिला. टाळ्या झाल्या. तिच्या वर्गशिक्षकांनी वाजवल्या, बाईंनी वाजवल्या. मीही वाजवल्या.

समारोपानंतरही शनिवार काही थांबले नाहीत. थांबवायचा हुकूम कोणी काढला नव्हता. पण ती बुद्धिबळाकडे फिरकली नाही. पी.टी.च्या सरांच्या रांगेत बसायची, डोळे गच्च मिटून, एकदाही उठाबशा न खाता. आणि एकदा सकाळी मी व्हरांड्यातून जाताना ऐकलं, तिचे वर्गशिक्षक विचारत होते, "का गं, उशीर का झाला?"

"वानर आडवं आलं सर."

मार्च सरता सरता माझं ॲप्रूव्हल आलं. पेढे वाटले. मग मला धीर आला. असला धीर काय कामाचा, ते तुम्हीच ठरवा. एका संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. आबा ओट्यावर बसले होते. आवाजावरून ओळखलं, "या सर," म्हणाले आणि काही न विचारता पट पसरला. मोहरे हाताने चाचपून घरात बसवले. आम्ही खेळायला लागलो. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

तो आवाज थांबेपर्यंत मी वाट पाहिली. मग म्हणालो, "आबा, पोर खरं बोलत होती. मी एकच घर शिकवलं होतं."

"माले माहीत शे," आबा म्हणाले आणि त्यांनी प्यादं सरकवलं. मग जरा चिडूनच म्हणाले, "माले काय सांगतस सर? शाळामा सांगा ना."

मी पटाकडे बघत बसलो. हेडसरांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. तेव्हा ते घरीच असतात, मला माहीत होतं. आबा माझ्या चालीची वाट बघत होते. ती दारात आली, हाताला पीठ. एकदा माझ्याकडे पाहिलं.

"आबा, जाऊ द्या त्यासले," ती म्हणाली. "सरले गाडी पकडनी शे."

मला कुठलीही गाडी पकडायची नव्हती. मी शाळेच्या मागेच राहतो, हे तिला माहीत होतं, आबांनाही माहीत होतं. मी घड्याळ पाहिल्यासारखं केलं, "हो, हो, गाडीची वेळ झाली," म्हणालो, आणि चपला घातल्या.